गिटारच्या फ्रेटबोर्डवरील स्वर शिकताना या चुका टाळा

फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या पट्ट्यांनी (फ्रेटनी) विभागलेल्या फळीवर, स्वरांच्या नावांचे स्टिकर चिकटवणे ही मला सर्वाधिक खटकणारी चूक आहे, कारण डोळ्यांना उत्तर आयते मिळू लागले की ते लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने आठ महिने असाच सराव केला होता. भावगीतांच्या एका तालमीत त्याच्या गिटारची तार तुटली, दुसऱ्याची गिटार हाती आली आणि त्याच वेळी गायिकेने काळी चारचा षड्ज मागितला. काळी चार म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी, जी शार्प; गिटारवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवरचा चौथा फ्रेट. परंतु स्टिकर नसलेल्या त्या फ्रेटबोर्डवर त्याला तो सापडेना आणि सगळी तालीम त्याच्यासाठी खोळंबली. त्याच रात्री आम्ही स्टिकर काढून टाकले आणि पुढचा आठवडाभर मी त्याला केवळ सहावी तार दिली : मोकळी ई, पहिल्या फ्रेटवर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा ई. स्वराचे नाव मोठ्याने उच्चारल्याशिवाय तार छेडायची नाही, हा नियम मी आजही प्रत्येकाला लावतो. चार दिवसांत सहाही तारा पाठ करू पाहणाऱ्यांना मी स्पष्टपणे थांबवतो.

ई आणि एफ, तसेच बी आणि सी यांच्यामध्ये एकही फ्रेट रिकामा नसतो, हे विसरल्यास पुढचे सगळे स्वर चुकतात. प्रत्येक वेळी नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाकडील खाचांच्या पट्टीपासून, मोजत जाऊ नये. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवरील ठिपक्यांचे स्वर आधी पक्के करावेत. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जीच्या आकारात धरलेला कॉर्ड प्रत्यक्षात ए वाजतो, याचेही भान ठेवावे.

दुसरी मोठी चूक दुसऱ्या तारेपाशी होते. सहाव्या तारेवरील स्वराचा वरच्या सप्तकातील जोडीदार चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे मिळतो आणि पाचवीवरून तिसरीवर जातानाही तेच अंतर असते, म्हणून विद्यार्थी चौथीवरून दुसरीवर जाताना दोनच फ्रेट सरकतात. इतर शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचे अंतर असले, तरी तिसरी आणि दुसरी यांच्यात ते चारच असल्याने येथे तीन फ्रेट पुढे जावे लागते. तिसरीवरून पहिलीवर जातानाही तसेच. फ्रेट सरकण्याचा हा आकार नुसता पाठ केलेला मला चालत नाही. चौथ्या तारेचा दहावा, तिसऱ्या तारेचा पाचवा आणि दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट या तिन्ही ठिकाणी एकाच उंचीचा सी मिळतो. तो एकापाठोपाठ एक वाजवून कानाने पडताळून घ्यावा.