सप्ताहातलं कीर्तन रेकॉर्ड करताना: मिक्सरची वायर आणि आपला माइक

सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड करायचं म्हटलं की बहुतेक जण साउंडवाल्याकडून एक वायर घेतात आणि रेकॉर्डर चालू करून मोकळे होतात. घरी ऐकलं की महाराजांचा शब्द न् शब्द स्वच्छ, पण पखवाज कुठेतरी लांब आणि टाळकऱ्यांचा पत्ताच नाही. यात साउंडवाल्याचा दोष नाही. तो मंडपासाठी मिक्स करतो, आणि मंडपात पखवाज तसाही दणदणीत ऐकू येतो, म्हणून त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खालीच असतो. म्हणून माझा आग्रह: वायर घ्याच, पण आपला एक माइक पखवाजाला लावा आणि दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. झूम एच५ सारख्या रेकॉर्डरला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची पिन) आणि जॅक दोन्ही बसणारी दोन सॉकेट असतात, शिवाय वरचे स्टिरिओ माइक. ते मंडपातला गजर पकडतात.

मिक्सरमधून 'रेक आउट' (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) किंवा रिकामा ऑक्स (वेगळं मिक्स बाहेर देणारं जादा आउटपुट) मागा. ऑक्स मिळाला तर प्री-फेडर करून घ्या, म्हणजे साउंडवाल्याने मध्येच फेडर हलवला तरी आपली पातळी ढळत नाही. हा लाइन लेव्हलचा सिग्नल माइकपेक्षा खूप तगडा असतो. गेन (रेकॉर्डरवरची इनपुट वाढवायची कळ) शून्याजवळ आणूनही आवाज फाटत असेल, तर इनपुट लाइनवर घ्या किंवा पॅड (सिग्नल कमी करणारी सोय) लावा. या इनपुटला फँटम पॉवर (काही माइकना वायरमधूनच दिली जाणारी वीज) देऊ नका. ४८ व्होल्ट मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटे जातात.

छोटा ३.५ मिमी सॉकेटवाला रेकॉर्डर असेल तर बॅलन्स्ड आउटपुटला (एकच आवाज सुलटा आणि उलटा अशा दोन तारांवर देणाऱ्या) साधी स्टिरिओ वायर जोडू नका. डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट नोंदवली जाते आणि एका स्पीकरच्या फोनवर महाराजांचा आवाज जवळजवळ गायब होतो.

पखवाजाला डायनॅमिक माइक उत्तम, एसएम५७ किंवा ५८, त्याला फँटम लागतच नाही. साधारण फूटभर अंतरावर ठेवा, थोडा कणकेच्या (म्हणजे कणीक लावलेल्या, धुमच्या) बाजूला कललेला, आणि माइकची पाठ टाळकऱ्यांकडे करा, नाहीतर झणझणाट सगळं झाकून टाकतो. या ट्रॅकवर लो-कट (खालचे, घुमणारे स्वर कापणारा फिल्टर) बंदच हवा. तो चालू राहिला तर 'धुम' जातो, आणि धुमशिवाय पखवाज ऐकण्यात काय अर्थ!

पातळी निरूपणावर ठरवू नका. सुरुवातीच्या 'जय जय रामकृष्ण हरी'ला टाळ पूर्ण जोरात असतात, तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड केलंत तर निरूपणाचा हळू आवाज नंतर सहज वाढवता येतो, फाटलेला गजर मात्र सांधता येत नाही.

रेकॉर्डर बॅटरीवरच चालवा. मंडपाच्या बोर्डात अ‍ॅडॉप्टर लावला आणि मिक्सरची वायरही जोडली की अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होऊन ५० हर्ट्झची गुणगुण घुसते. ४८ किलोहर्ट्झला चार ट्रॅक तासाला साधारण २ जीबी जागा घेतात.

जुळवताना एक गोष्ट बघा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टिरिओ माइक स्पीकरपासून दहा मीटर लांब असतील तर त्यांचा ट्रॅक मिक्सरच्या ट्रॅकपेक्षा २९ मिलिसेकंद मागे पडतो. एखादी ठळक टाळी शोधून स्टिरिओ माइकचा ट्रॅक तेवढा अलीकडे (टाइमलाइनवर डावीकडे) सरकवा आणि मग मिक्स करायला घ्या.