उठल्यावर चक्कर येते? ज्येष्ठांच्या घरी कारण असं शोधा

सत्तरीपुढच्या माणसाला उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली की घरात निदान तयारच असतं: अशक्तपणा, पित्त, नाहीतर मानेचा मणका. मग टॉनिक सुरू होतं, गळ्यात पट्टा येतो. शोध मात्र दोन ठिकाणांपासून सुरू करायला हवा: उभ्याने मोजलेलं बीपी आणि गोळ्यांचा डबा.

चक्करेसोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डांबरासारखी काळी शौच किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काहीही असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना पडून डोक्याला मार लागला असेल तरीही तेच.

१. वेळ पकडा

‘कशी चक्कर येते?’ या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘कधी?’ विचारा आणि आठवडाभर लिहून ठेवा. पहाटे लघवीला उठताना येते, जेवल्यावर दोन तासांच्या आत, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर की गोळी घेतल्यावर?

अंथरुणात कूस बदलताना किंवा माळ्याकडे मान वर करून बघताना घर गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर रोख कानाकडे जातो. आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून सरकले की असं होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागेवर आणतात आणि बऱ्याच जणांना एक-दोन भेटींतच आराम पडतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवणं मला तरी पटत नाही. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्याने वयस्कर माणसात कंप आणि ताठरपणा येऊ शकतो.

२. बीपी आधी झोपून, मग उभ्याने मोजा

दवाखान्यात बीपी बहुतेक वेळा बसवूनच घेतात, म्हणून ‘बीपी तर नॉर्मल आहे’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका. उभं राहताच अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मज्जातंतूंनी लगेच रक्तवाहिन्या आवळल्या नाहीत, तर मेंदूला रक्त कमी पडतं.

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. सकाळी, चहा आणि गोळ्यांच्या आधी, पाच मिनिटं उताणं झोपवून बीपी आणि नाडी लिहा. पट्टा तसाच ठेवून उभं करा आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. हात खाली लोंबू देऊ नका. कोपराखाली आपला हात धरून पट्टा छातीच्या पातळीत ठेवा, नाहीतर आकडा खोटा वाढतो आणि घसरण झाकली जाते. मागे पलंग हवा, शेजारी माणूस हवा. फारच गरगरलं तर आकड्याची वाट न पाहता बसवा.

वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने, किंवा त्याहून जास्त उतरलं, तर कारणाचा धागा हाती लागला. समजा, झोपून १४६/८२, नाडी ७२ आणि उभ्याने ११६/७४, नाडी ७६. बीपी ३० ने पडलं, पण नाडी जेमतेम चारने वाढली. अशा वेळी जुना मधुमेह किंवा पार्किन्सन्समुळे (कंपवातामुळे) मज्जातंतूंचं काम बिघडल्याची शंका येते. नाडी झपाट्याने वाढली, तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी असल्याचा संशय आधी घ्यावा. बीपी आणि हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा.

एकदा मोजून आकडे ठीक आले म्हणून सोडू नका. दोन-तीन सकाळी आणि एकदा जेवणानंतर तासाभराने मोजा.

३. गोळ्यांचा डबा उघडा

सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडा. हृदयाचे डॉक्टर वेगळे, प्रोस्टेटचे वेगळे, झोपेची गोळी केमिस्टकडून आणलेली. एकत्र यादी कुणाकडेच नसते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड, बीपीच्या गोळ्या, हृदयविकारात छातीतल्या दुखण्यासाठीची सॉर्बिट्रेट, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सन्ससाठीची लेव्होडोपा आणि साखरेसाठीची डापाग्लिफ्लोझिन, या सगळ्यांमुळे उभ्याने बीपी घसरू शकतं. नवी गोळी किंवा वाढलेला डोस आणि चक्करेची पहिली तारीख शेजारी लिहा. मनाने काही बंद करू नका. मेटोप्रोलॉल किंवा बीपीचीच क्लोनिडिन अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

४. पाणी आणि रक्त

रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणारे आजी-आजोबा घरोघरी असतात. त्यात उन्हाळा, जुलाब किंवा निर्जळी एकादशी आली आणि लघवी वाढवणारी गोळीही चालूच असली की बीपी उतरणारच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारा.

तपासण्यांमध्ये साधारणपणे हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, बी-१२ आणि ईसीजी येतात. छातीत ठोके चुकल्यासारखे वाटत असतील तर ईसीजी आधी करून घ्या.

कारण सापडेपर्यंत उठायची घाई नको: काठावर पाय सोडून बसायचं, घोटे दहा-वीसदा वरखाली करायचे, मग आधार धरून उभं राहायचं.

डॉक्टरांकडे जाताना वही आणि सगळ्या स्ट्रिप्स न्या. त्यांच्यासमोर एकदा उभ्याने बीपी मोजून घ्या आणि थेट विचारा: यातली कुठली गोळी कमी करता येईल, किंवा तिची वेळ बदलता येईल का?