हेड उतरवताय? आतला छोटा बेल्टही बघा

कसारा घाटात गाडी तापून हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) उडालं, की हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरून फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) जातं. मित्सुबिशीच्या फोर-जी-६३सारख्या इंजिनात टायमिंग बेल्टच्या (क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) मागे क्रँकवर बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणारा दांडा) छोटा बेल्ट असतो. नुसत्या हेडसाठी तो काढावा लागत नाही, म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडकडे काम टाकलं तरी तो बघायला मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. हा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टखाली गेला तर टायमिंग उडतं, व्हॉल्व्ह वाकतात, आणि नुकतंच केलेलं हेड परत खाली! ऑइल लागलेला किंवा तडे गेलेला बेल्ट परत चढवू नकाच; आधी गळणारं सील बदला.

बेल्ट काढण्यापूर्वी एक नंबर पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी) आणून टायमिंगच्या सगळ्या खुणा जुळवा. क्रँकचा टायमिंग स्प्रॉकेट (दातेरी चाक) निघाल्याशिवाय छोटा बेल्ट सुटत नाही.

खरी गंमत ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटची. खूण जुळलेली दिसते, पण आतला बॅलन्स शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिमी जाडीचा स्क्रू ड्रायव्हर घाला. ६० मिमी आत गेला तर ठीक. २०-२५ मिमीवरच अडला तर स्प्रॉकेट एक पूर्ण फेरा फिरवून परत बघा. नाहीतर इंजिन थरथरतं आणि लोक उगाच इंजिनचे माउंटिंग (इंजिन धरणारे रबरी आधार) बदलत बसतात.