हॅम रेडिओवरून डेटा पाठवायचा असेल, तर सेट सर्वांत शेवटी निवडावा

हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचे, लायसन्स हाती आले की नवा माणूस आधी सेट, म्हणजे संदेश पाठवणारे आणि घेणारे यंत्र, विकत घेतो, उरलेल्या पैशांत मिळेल ती केबल आणतो आणि अँटेनासाठी घरात पडलेली तार शोधू लागतो. आवाजाने बोलायचे असेल तर या उलट्या क्रमानेही काम भागते, कारण समोरच्याचा कान खरखरीतूनही शब्द ओळखतो. डेटा, म्हणजे संगणकातून जाणारा लेखी निरोप, वाचणाऱ्या संगणकाला तशी सवलत घेता येत नाही, म्हणून डेटाची सामग्री निवडताना क्रम अंतरापासून सुरू करून सेटवर संपवावा, असे माझे मत आहे.

निरोप कुठून कुठे जायचा आहे, हे आधी कागदावर मांडावे. १४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफ या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात, साधारण दृष्टिरेषेपर्यंतच संपर्क होतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, तर रेडिओचे क्षितिज अंदाजे किती किलोमीटरवर आहे ते कळते. दोन्ही गावांत ९ मीटरवर अँटेना असेल, तर सपाट वावरांच्या प्रदेशात जवळपास २५ किलोमीटरची आशा धरता येते. एक अँटेना गावच्या पाण्याच्या टाकीवर नेता आली, तर हा आकडा चांगलाच वाढतो. आर्वीहून वर्धा सरळ रेषेत ४५ किलोमीटरपेक्षा थोडे अधिक आहे, त्यामुळे तिथे मधल्या एखाद्या गावातून पॅकेट, म्हणजे निरोपाचा तुकडा, पुढे ढकलणारे केंद्र, म्हणजे डिजिपीटर, लागेल. नागपूर ते भामरागड हे अंतर मात्र सुमारे २५० किलोमीटर आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी व्हीएचएफचा हट्ट सोडून एचएफ, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेचा, ७ मेगाहर्ट्झचा बँड धरावा. डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तारेची अँटेना, जमिनीपासून ६ ते ८ मीटरवरच ठेवला, तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनमंडलावरून, परत खाली येतात आणि मधली डोंगर-जंगले आड येत नाहीत. रात्री हा बँड जवळच्या अंतरासाठी मिटतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर यावे लागते.

अंतर ठरले की पद्धत, म्हणजे संगणकाने मजकूर सिग्नलमध्ये कसा बदलायचा ते, ठरवणे सोपे जाते. एफटी-८ ही २०१७ मध्ये आलेली पद्धत कानाला ऐकूही न येणारा सिग्नल ओळखते. परंतु तिच्यात स्वतःच्या मनाचा मजकूर एका वेळी १३ अक्षरांपुरताच जातो. 'शाळेत ४० माणसे अडकली आहेत, औषध पाठवा' एवढा निरोपही तिच्यातून धड जाणार नाही, त्यामुळे तिला संपर्क नोंदवण्याचे आणि अँटेना तपासण्याचे साधन समजावे. मजकुरासाठी एचएफवर जेएस-८ बरी आहे. ती संथ असली तरी मधल्या केंद्रात निरोप साठवून ठेवते. मजकूर मात्र रोमन अक्षरांत लिहावा लागतो, आणि तसा लिहिलेला 'पूर' कुणी 'पुर' वाचतो तर कुणी इंग्रजीतला 'पुअर', म्हणून नेहमीचे शब्द आपसांत आधीच ठरवून घ्यावेत. व्हीएचएफवर १२०० बॉड वेगाचे एएक्स-२५ नियमावलीचे पॅकेट अजूनही सर्वांत भरवशाचे आहे. ९६०० बॉडचा मोह आवरावा, कारण त्यासाठी सेटला डेटा पोर्ट, म्हणजे संगणक जोडायची स्वतंत्र जागा, लागतो. माइक आणि स्पीकरच्या जोडणीतून ते चालत नाही.

निवडलेला बँड, पॉवर आणि उत्सर्जनाचा प्रकार आपल्या लायसन्सच्या श्रेणीत बसतो की नाही, हे अर्थातच आधी पाहावे. अर्थ लपवणारा सांकेतिक मजकूर आणि धंद्याचे निरोप हौशी बँडवर चालत नाहीत; व्यापाऱ्याला कापसाचा भाव कळवायला हे साधन नाही.

आता पैसे जिथे खरोखर लावायचे, त्या अँटेना आणि केबलकडे येऊ. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला एकूण सुमारे २० मीटर तार लागते, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. मधला बिंदू बांबूवर चढवून दोन्ही टोके निंबाच्या झाडांना नायलॉनच्या दोरीने ताणली की काम होते. हा खर्च किरकोळ आहे. व्हीएचएफवर मात्र केबलची निवड महागात पडू शकते. आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झवर २० मीटरला जवळपास ४ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक पॉवर वाटेतच जिरते. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मध्ये साधारण एक तृतीयांश जाते. ५० वॉटचा सेट घेऊन पातळ केबल लावणाऱ्यापेक्षा २५ वॉटचा सेट आणि जाड केबल घेणारा शहाणा, कारण त्याला ऐकूही अधिक येते. विजा कडाडू लागल्या की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवावी. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून पहिल्या वळवाच्या आधीच त्यात पाणी घालावे.

संगणक आणि सेट यांच्या मधला इंटरफेस ही लहानशी डबी असते, पण अपयशाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. माझी सुरुवात हातातल्या साध्या सेटला लावायच्या एका स्वस्त वायरीने झाली. तिच्यात पीटीटीची, म्हणजे सेटला प्रसारणावर नेणाऱ्या कळीची, सोय नव्हती. आवाज आला की सेट आपोआप प्रसारणावर जायचा. परिणामी प्रत्येक पॅकेटचे डोके कापले जाई आणि पॅकेट संपल्यावरही सेट पाऊण सेकंद प्रसारणातच अडकून राही, त्यामुळे समोरून आलेली पोच मला कधी मिळालीच नाही. दोन आठवडे मी अँटेनाला दोष देत होतो. म्हणून पीटीटीसाठी वेगळी तार असलेलाच इंटरफेस घ्यावा. हाताने बनवायचा असेल, तर यूएसबी साउंड कार्ड, दोन्ही दिशांच्या ध्वनीसाठी ६०० ओहमचे एकास-एक ट्रान्सफॉर्मर, आणि यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरच्या आरटीएस सिग्नलवर चालणारा पीसी-८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा छोटा स्विच) एवढे पुरते. ट्रान्सफॉर्मर वगळू नयेत, नाहीतर लॅपटॉपच्या चार्जरची घरघर थेट हवेत जाते.

संगणक जुना चालतो. पॅकेटसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डायरवुल्फ हे सॉफ्टवेअर उत्तम काम करते आणि पॅकेट बनवणारा आणि उलगडणारा वेगळा टीएनसी घ्यावा लागत नाही. एफटी-८ आणि जेएस-८ यांना घड्याळ मात्र एका सेकंदाच्या आत अचूक हवे. गावात मोबाइलचे नेटवर्क गेलेले असतानाच या साधनाची गरज पडणार आहे, म्हणून वेळेसाठी यूएसबी जीपीएस रिसीव्हर घेऊन ठेवावा.

वीज आणि गोंगाट यांचा विचार एकत्रच करावा लागतो. भारनियमनात घरचा इन्व्हर्टर चालू करून त्यावर सेट लावला, तर बँडभर भुणभुण ऐकू येते. त्याऐवजी १२ व्होल्टच्या बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या जाड तारेने सेटला थेट वीज द्यावी. २० वॉटचा सेट ऐकताना अर्धा-पाऊण अँपियर आणि पाठवताना ५ ते ८ अँपियर घेतो. एक चतुर्थांश वेळ प्रसारण धरले, तर २० अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९-१० तास जाते. आमच्याकडचा खास उपद्रव म्हणजे रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेली, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन. रात्री वॉटरफॉलवर, म्हणजे संगणकावर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्रावर, दर सेकंदाला एक आडवी रेघ पूर्ण रुंदीभर उमटू लागली आणि ती दिवस उजाडल्यावर थांबली, तर दोष सेटचा नसून शेजारच्या तुरीला लागलेल्या तारेचा आहे, असे समजावे. तारेला टेकलेले गवत कापले की ठिणगी पडणे थांबते आणि रेघही फिकी होते. शेजाऱ्याचेही त्यात भलेच असते, त्यामुळे तो नाही म्हणत नाही.

एवढे जमल्यावर सेटकडे वळावे. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: मागे डेटा पोर्ट किंवा आतच यूएसबी साउंड कार्ड आहे का, एएलसीचा, म्हणजे ध्वनी जास्त झाल्यास जोर आवरणाऱ्या यंत्रणेचा, मीटर दिसतो का, आणि दीर्घ प्रसारण तो सोसतो का. आयकॉम आयसी-७३०० मध्ये साउंड कार्ड आतच असल्याने वरचा इंटरफेसचा खर्च वाचतो. मात्र १०० वॉटला तो २० अँपियरच्या आसपास वीज मागतो, जी खेड्यात रात्रभर पुरवणे कठीण जाते. शिएगू जी-९० सारखा २० वॉटचा सेट डेटासाठी पुरेसा वाटतो. डेटात वाहक लहर सलग पूर्ण जोरात राहते, त्यामुळे १०० वॉटचा सेटही ३०-४० वॉटवरच चालवावा, आणि नवतप्यात पत्र्याच्या खोलीत तर त्याहून कमी.

जुना सेट घेताना विकणाऱ्यासमोर डमी लोड, म्हणजे पॉवर जिरवणारी नकली अँटेना, लावून एफटी-८ची सलग चार प्रसारणे करून पाहावीत. संगणकाचा आवाज शून्यापासून वाढवत न्यावा, एएलसीची सुई हलू लागताच किंचित मागे घ्यावा आणि वॉटमीटरवर नजर ठेवावी. पहिल्या प्रसारणात २० वॉट आणि चौथ्यात १४ दिसले, तर पैसे खिशातच ठेवून परतावे.