हार्लेमचं अंगण जलरंगात उतरवताना

होफ्ये रंगवायला बसलात की विटा मोजू नका. होफ्ये म्हणजे मधल्या अंगणाभोवती बुटकी घरं, बहुतेक एकट्या वृद्ध बायकांसाठी दानातून उभी राहिलेली. मी पहिल्यांदा बसले ते हार्लेमच्या बाकेनेस होफ्येत. १३९५ सालचं, नेदरलँड्समध्ये आजवर टिकलेल्यांतलं सगळ्यांत जुनं. चार तास एकेक वीट काढली आणि भिंत गणिताच्या चौकटी वहीसारखी दिसायला लागली. डच चित्रकार पीटर डे होखनं १६५८ मध्ये डेल्फ्टच्या अंगणातल्या विटा मन लावून रंगवल्यात, कबूल; पण ते तैलरंग. तिथे वरून पांढरा चढवता येतो. आपला पांढरा म्हणजे कागद.

म्हणून खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी आधी पुसट आखा आणि तिथे ब्रश फिरकू देऊ नका. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद पांढरा राखायला आधी लावून नंतर सोलून काढायचा रबरी द्रव, मला आवडत नाही. कड फार करकरीत येते आणि ही घरं तेवढी ताठ उभी नाहीत.

भिंतीला बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात किंचित अल्ट्रामरीन निळा मिसळून वरून खाली एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, द्या. ओला असतानाच पायथ्याशी निळा वाढवा, कारण जमिनीची ओल तिथे विटांत चढलेली असते. मग थांबा. तिथल्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. बोटांची मागची बाजू टेकवून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. वाळल्यावर दहा-बारा विटा दाखवा, त्याही दाराजवळ. बाकीच्या बघणारा स्वतः भरतो.

खरं काम सावलीचं. चारही बाजू बंद असल्यानं उन्हाची तिरपी कड भिंतीवरून बघता बघता सरकते. बसल्या बसल्या ती आखून ठेवा आणि नंतर ऊन कुठेही गेलं तरी रेघ हलवू नका. शेवटी निळसर करड्या रंगानं भिंत, बाक, फरसबंदी सगळ्यावरून सावली एका दमात ओढा. वस्तूगणिक वेगळी सावली दिली की अंगणात गलबला होतो.

आणि हो, ते कुणाचं तरी राहतं घर आहे. दाराबाहेरची वेळेची पाटी वाचा, ईझल (चित्र टेकवायची घोडी) नेऊ नका, मांडीवर मावेल एवढीच वही घ्या. गढूळ पाणी झाकणाच्या बाटलीत भरून परत न्या. मी एकदा गुलाबाच्या बुंध्याशी ओतलं आणि वरची खिडकी उघडली.