जुनं पुक-पुक इंजिन जत्रेत चालतं दाखवायचं तर

विहिरीवरच्या खोपटात, गुऱ्हाळात नाहीतर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत दोन मोठ्या चाकांचं, एका सिलिंडरचं उभं डिझेल इंजिन अजून सापडतं. यातली बरीच इंजिनं राजकोटला तयार झालेली असतात. नमुना मात्र इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा. ६ हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर होण्याची लांबी) साडेपाच इंच. अमेरिकेतले हौशी लोक या भारतीय भावंडांना ‘लिस्टरॉईड’ म्हणतात. इथले आकडे या ६५० फेऱ्यांच्या इंजिनाचे आहेत. दुसऱ्या मेकचं किंवा जास्त वेगाचं इंजिन असेल तर कामाचा क्रम हाच ठेवा, आकडे मात्र त्याच्या पाटीवरून किंवा पुस्तकातून घ्या.

आधी थांबवायची सोय

हँडल मारायची घाई सगळ्यांनाच असते. पण बरीच वर्षं पडून राहिलेल्या इंजिनात डिझेल सुकून त्याचा डिंक होतो आणि पंपाची रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी पट्टी, त्यात चिकटते. रॅक पूर्ण डिझेलवर अडकली तर वेग आवरणारा गव्हर्नर काहीच करू शकत नाही. इंजिन वेग घेतच राहतं आणि चाकं बिडाची असतात, फार वेगाने ती फुटतात. म्हणून पहिलं काम रॅकचं. गव्हर्नरची दांडी सोडवा आणि रॅक बोटाने पुढे-मागे करून बघा. ती लोण्यातून सरकावी तशी सरकली पाहिजे. अडत असेल तर पंप उतरवून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा. तरीही सुटली नाही तर पंपवाल्याकडे द्या. पक्कड लावून ओढू नका, पंपातली प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (नळी) ही जोडी एकदा ओरखडली की बदलावीच लागते.

दुसरी सोय हवेची. पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढून ठेवा. हवेच्या तोंडापेक्षा मोठी, सपाट, इंचभर जाडीची फळी हाताशी ठेवा. इंजिन पळालंच तर ती तोंडावर दाबून धरायची, हवा बंद झाली की ते मरतं. तळहात किंवा कापड लावू नका, आत ओढलं जातं. फळी कोण लावणार हे हँडल मारण्याआधी ठरलेलं असावं.

अडकलेलं असेल तर

चाक फिरवून बघण्याआधी नोझल, म्हणजे आत डिझेलचा फवारा मारणारा भाग, काढा. आत पाणी साठलेलं असलं आणि नोझल जागेवरच राहिलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझलच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं, चहाचा अर्धा कप, ओता आणि दोन-तीन दिवस थांबा. मग डीकॉम्प्रेशनचा (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर उचलून चाक दोन्ही हातांनी थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत राहा. पहार आऱ्यांत घालून जोर लावायचा मोह टाळा, आरा तुटतो. आठवडाभराने पण हललं नाही तर हेड उतरवा आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या.

पिस्टन मोकळा आणि व्हॉल्व्ह अडकलेला, असंही होतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गंजून त्याच्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, बसला की त्याला उघडणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी वरची आडवी दांडी) उतरवून व्हॉल्व्हच्या टोकावर लाकडाने दाबा, तो खाली जाऊन स्प्रिंगने झटकन वर आला पाहिजे.

आतलं तेल, बाहेरचं पाणी

बाजूचं दार उघडा. तळाशी काळा गाळ बसलेला असेल, तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडून रॉकेलने धुऊन काढा. या इंजिनात बहुधा दाबाने तेल चढवणारा पंप नसतो. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या जाड टोकाच्या) कॅपला खाली एक छोटी चमच्यासारखी दांडी असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडून तेल उडवते आणि सगळं इंजिन त्यावरच जगतं. दांडी वाकलेली वा तुटलेली नाही ना, बोल्टच्या स्प्लिट पिना जागेवर आहेत ना, हे बोट लावून तपासा. तेल साधं ४० ग्रेडचं, थंडीच्या भागात ३० ग्रेडचं, तेल मोजायच्या गजावरच्या खुणेपर्यंत. कमी झालं तर दांडी कोरडी फिरते आणि बिग एंड जळतो. जास्त झालं तर ते वर चढून निळा धूर येतो. आधुनिक गाड्यांचं डिटर्जंट तेल कचरा तरंगत ठेवतं आणि इथे तो अडवायला फिल्टर नसतो. म्हणून जुनं साधं तेलच बरं.

पाण्याच्या वाटेत आपल्याकडच्या विहिरीच्या क्षारांचा थर साचलेला असतो. लिंबूसत्त्व, एका लिटर गरम पाण्याला ५० ग्रॅम, भरून रात्रभर ठेवा. सकाळी काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा, शेवटी साध्या पाण्याने धुवा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, ते क्षाराबरोबर बीडही खातं. नंतर पाणी भरून इंजिन एक रात्र तसंच ठेवा. सकाळी तळातलं तेल ताकासारखं दिसलं तर लायनरच्या खालच्या रबरी रिंगा किंवा हेडचं गॅस्केट गेलेलं आहे. मग पुढे जाण्यात अर्थ नाही.

डिझेल, एअर, टायमिंग

टाकी काढून आत मूठभर खडी आणि थोडं डिझेल घालून हलवा, गंज सुटेल. फिल्टर नवा घाला. मग एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढणं: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपचा नट, याच क्रमाने. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पुढचा. नोझल हेडबाहेरच पाइपला जोडून पंप हाताने चालवा. धुक्यासारखा फवारा आणि ‘कर्र’ असा आवाज हवा. धार लागली किंवा थेंब ओघळला तर नोझल तपासणीला द्या. फवारा डब्यात घ्या, त्यासमोर हात कधीही आणू नका. दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, दोन्ही व्हॉल्व्हना थंड इंजिनात १७ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), म्हणजे ०.४३ मिमी.

टायमिंगचं गणित सोपं आहे. डिझेल पिस्टन वर पोचण्याच्या २० अंश आधी सुटलं पाहिजे. पिस्टन नेमका वर असताना चाकाच्या कडेवर खडूची रेघ मारा. चाकाचा व्यास ६० सेंमी असेल तर घेर १८८ सेंमी, आणि २० अंश म्हणजे साडेदहा सेंमी. चाकाचा व्यास मोजा, वेगळा असेल तर त्या प्रमाणात. आता पंपाच्या डोक्यावरचा पाइप सोडा, तिथे डिझेल काठोकाठ दिसेल. रॅक चालू स्थितीत ठेवून चाक फिरण्याच्या दिशेने अगदी हळू फिरवा. काठावरचं डिझेल ज्या क्षणी हलतं, तो सुटण्याचा क्षण; तेव्हा खडूची रेघ तिच्या जागेच्या साडेदहा सेंमी अलीकडे हवी. लवकर असेल तर इंजिन ठोकतं आणि हँडल उलटं मारतं, उशीर असेल तर पांढुरका धूर आणि ताकद कमी.

चाकाच्या चाव्या शेवटी बघा, पण बघाच. चाक शाफ्टवर पाचरीसारख्या चावीने बसवलेलं असतं. चावी ढिली झाली की दर फेऱ्याला ‘ठक’ येतं आणि नवखा माणूस बिग एंड गेला म्हणून इंजिन खोलत बसतो. शाफ्टच्या टोकाला बाहेर आलेलं चावीचं डोकं फिरताना धोतर, ओढणी पकडतं. त्यावर पत्र्याची टोपी बसवा.

हँडल मारणं

डीकॉम्प्रेशन वर. डिझेलचा लिव्हर चालूवर. मूळ लिस्टरच्या हेडवर बाजूला एक छोटं चक्र असतं, ते असल्यास आत घट्ट फिरवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. उलटा फटका बसला तर हँडल हातातून निसटून गेलेलं बरं. वेग धरेपर्यंत फिरवा, मग दुसऱ्याने लिव्हर खाली करावा. दोन-तीन ‘पुक’ झाले की हँडल आपोआप सुटतं. सुटलं नाही तर ते धरून ठेवू नका, लांब व्हा. खाच असलेली हँडलची पिन आधीच घासून, तेल लावून ठेवलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

पहिली पाच मिनिटं लोड देऊ नका. वरच्या पाइपमधून येणारं पाणी हाताला कढत लागलं पाहिजे. विहिरीचं पाणी थेट सोडून इंजिन गार ठेवायची आपली जुनी सवय इंजिनाला मानवत नाही. डिझेल पुरतं जळत नाही, पांढरा धूर येतो आणि तळात काळा चिकट गाळ जमतो. त्यापेक्षा दोनशे लिटरचा ड्रम लावा. खालचा पाइप सिलिंडरच्या तळाला, वरचा हेडला, आणि ड्रममधलं पाणी वरच्या पाइपच्या तोंडापेक्षा दोन बोटं तरी वर. ते खाली गेलं की पाण्याचं फिरणं थांबतं.

बंद करताना डिझेलचाच लिव्हर. डीकॉम्प्रेशन उचलून पळतं इंजिन थांबवणं ऐटीचं दिसतं, पण त्यात व्हॉल्व्ह आणि पुशरॉड मार खातात.

मांडणी

इंजिनाचं वजन तीन-चारशे किलो, आणि एका सिलिंडरचं असल्याने ते उड्या मारतं. ६ बाय ६ इंचाच्या दोन लाकडी तुळया, साधारण सहा फुटी, त्यावर बोल्टने कसून चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोका. धुराडं वर, प्रेक्षकांपासून दूर. प्रेक्षकांसाठीची दोरी चाकं ज्या रेषेत फिरतात त्या बाजूंना नव्हे, शाफ्टच्या टोकांच्या बाजूला दहा फुटांवर बांधा. चाक सुटलं तर ते आपल्याच प्रतलात धावतं, त्या दोन्ही दिशांना कोणी उभं राहू नये.

नुसतं चालणारं इंजिन लोक दोन मिनिटं बघतात, कडबा कुट्टी चालवणारं मात्र अर्धा तास. पुलीचं गणित: इंजिनाची पुली ८ इंची, फेरे ६५०, कुट्टीला हवेत ३०० फेरे, तर ६५० गुणिले ८ भागिले ३०० म्हणजे सुमारे १७ इंची पुली. पट्टा असा चालवा की सैल बाजू वर राहील, पुलीला विळखा जास्त बसतो. दिशा उलटी हवी असेल तर पट्टा आठाच्या आकड्यासारखा तिरका घाला. पट्टा निसटत असेल तर बहुतेक वेळा दोन पुल्या सरळ रेषेत नसतात. दोरी ताणून बघा, मग राळ लावा. कुट्टीत वैरण घालणाऱ्याने पट्टा बंद करणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवावं.

रंगाबद्दल: पितळी पाटीला सँडपेपर लावू नका, आणि सगळं इंजिन चकचकीत हिरवं रंगवायची घाई नको. तेलाने पुसलेला मूळ रंग जाणकाराला जास्त सांगतो.

परत नेताना पाणी पूर्ण काढा, टेम्पोत चाकांवर भार येणार नाही असं तुळयांना बांधा. घरी ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, डीकॉम्प्रेशन खाली. आणि धुराड्यावर उलटा डबा घाला. अडकलेल्या इंजिनांची चौकशी केली की बहुतेक वेळा पावसाचं पाणी तिथूनच गेलेलं निघतं.