पाणी देऊनही एमएसची पिन मऊच का राहते? या चुका टाळा

ट्रॉलीची किंवा वखराची झिजलेली पिन घरच्या लेथवर नव्याने कातायची, भट्टीत लालबुंद करायची आणि पाण्याच्या ड्रममध्ये टाकायची, म्हणजे ती कडक झाली, असा समज मराठवाड्यातील अनेक छोट्या वर्कशॉपमध्ये पक्का बसलेला आहे. थंड झाल्यावर कानस लावून पाहिली की ती पूर्वीसारखीच चालते आणि मग दोष भात्याला, पाण्याला किंवा तापवणाऱ्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा चूक विस्तव पेटण्याच्या आधीच, धातू निवडताना झालेली असते.

पोलाद पाणी घेते, म्हणजे लाल करून पाण्यात टाकल्यावर कडक होते, ते त्यातील कार्बनमुळे. एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, म्हणून मिळणाऱ्या पट्ट्या, अँगल आणि गोल बार यांत कार्बन साधारण 0.15 ते 0.25 टक्के असतो, आणि कानस घसरावी इतका कडकपणा येण्यास तो पुरत नाही. ईएन 8 या जातीच्या पोलादात तो सुमारे 0.4 टक्के असतो, तर गाडीच्या कमानपाट्यात 0.5 ते 0.6 टक्के, आपल्याकडील लोहार कोयत्यासाठी कमानपाटाच आणायला सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे. धातूविषयी शंका असल्यास तुकडा ग्राइंडरवर टेकवून पाहावा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ आणि क्वचित फुटणाऱ्या असतात, तर कमानपाट्याच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. मात्र ज्याची जात ठाऊक आहे असा एक तुकडा शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय या परीक्षेवर विसंबू नये.

सळईच्या तुकड्यांबाबत वेगळी फसगत होते. जालन्याच्या कारखान्यांमुळे आपल्या भागात टीएमटी, म्हणजे बांधकामाची, सळई मुबलक आहे, ती वाकवताना दमवते, आणि त्यामुळे पिनसाठी तीच योग्य असे वाटते. मी स्वतः अशा सळईच्या पिना केल्या होत्या आणि त्या एका हंगामातच वाकल्या. टीएमटीचा कणखरपणा रोलिंगनंतर पाण्याच्या फवाऱ्याने कडक केलेल्या बाहेरच्या थरात असतो; लेथवर तो थर कातून काढला, किंवा सळई पुन्हा लाल करून सावकाश थंड केली, तर हाती साधे मऊ पोलादच उरते.

पिनवर वाकवणारा जोर येत असेल तर ईएन 8 घेणे हाच सरळ मार्ग आहे. झीज केवळ पृष्ठभागावर होत असेल, उदाहरणार्थ बुशमध्ये फिरणाऱ्या पिनची, तर एमएसवरही केस हार्डनिंग, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून तेवढाच थर कडक करणे, जमते. जाड पत्र्याच्या डब्यात बाभळीच्या कोळशाचा जोंधळ्याएवढा चुरा आणि त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा धुण्याचा सोडा घालून, पिना एकमेकींना न चिकटतील अशा रोवाव्यात, झाकणाची फट मातीने लिंपावी आणि डबा 900 ते 930 अंश सेल्सिअसवर चार तास ठेवावा. यातून साधारण अर्धा ते एक मिलिमीटर थर मिळतो. अर्ध्या तासात डबा बाहेर काढणारे आणि ओली माती तशीच आगीवर चढवणारे दोघेही फसतात. पहिल्याला थर मिळत नाही आणि दुसऱ्याची लिंपण तडकून हवा आत शिरते व कोळसाच जळून जातो. या कामात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असल्याने बंद पत्र्याच्या शेडमध्ये ते मुळीच करू नये.

सर्वांत जास्त निराशा मात्र यापुढच्या चुकीने होते. डबा रात्रभर थंड होऊ दिल्यावर पिनच्या थरात कार्बन आलेला असतो, पण कडकपणा आलेला नसतो. पिन पुन्हा सुमारे 780 अंशांपर्यंत तापवून पाण्यात सोडावी लागते, आणि तेही झटपट, कारण उघड्या भट्टीत रेंगाळल्यास मिळवलेला कार्बन जळून जातो. आटे पाडलेला भाग आधी मातीने झाकावा, नाहीतर आटेच ठिसूळ होऊन तुटतात. शेवटी ग्राइंडिंग करायचे असेल तर किती माल निघणार ते आधी ठरवावे. अर्ध्या मिलिमीटरच्या थरातून 0.3 मिलिमीटर घासून टाकला तर सारी मेहनत ग्राइंडरच्या धुळीत जाते.

रंगावरून तापमान ओळखणाऱ्यांनी आपल्या उन्हाचा विचार करावा. दुपारच्या उजेडात लाल रंग फिका दिसतो, म्हणून माल नकळत जास्त तापवला जातो, त्याचा कण जाड होतो आणि तुटल्यावर तोंड साखरेसारखे रवाळ दिसते. हे काम सावलीत किंवा दिवस मावळल्यावर करावे आणि चुंबक जवळ ठेवावे. सुमारे 770 अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. केस केलेल्या पिनला त्यानंतर किंचित ताप पुरतो, ईएन 8 ला मात्र आणखी 70 ते 80 अंश हवे असतात.

मे महिन्यात उन्हात उभा असलेला ड्रम हाताला कोमट लागतो. अशा पाण्यात पिनभोवती वाफेचे आवरण टिकून राहते आणि ठिकठिकाणी मऊ डाग उरतात. ड्रम सावलीत ठेवावा, दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ विरघळवावे आणि पिन उभी बुडवून वर-खाली हलवत राहावी. आडवी टाकलेली लांब पिन हमखास वाकते. तेल वापरायचे असल्यास पिन अर्धवट बुडवून थांबू नये, कारण वर राहिलेल्या लाल भागाने तेल पेट घेते. घट्ट बसणारे लोखंडी झाकण आधीच हाताशी असावे. गॅल्व्हनाइज्ड माल भट्टीत घालू नये, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो.

पाणी दिल्यावर कानस घसरली म्हणून पिन लगेच बसवू नये. ती घासून चकचकीत करावी आणि मंद आचेवर फिकट गव्हाळ रंग, म्हणजे सुमारे 220 अंश, येताच बाजूला घ्यावी. निळा रंग चढेपर्यंत ती आचेवर राहिली, तर थराचा बराच कडकपणा गेलेला असतो आणि पाणी पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागते.